दोनशेवीसने गुणून

नलावडे वहिनी, दर विचारलात म्हणून सांगते.
एकशे दहा दिनार.
पलीकडे फोन गप्प.
मला ठाऊक आहे ही गप्प कसली :
बाई दोनशेवीसने गुणताहेत.

इथे प्रत्येक किंमत दोनदा वाचतात आपली माणसं,
एकदा पाटीवर, एकदा मनात.
कोथिंबिरीची जुडीसुद्धा गुणल्याशिवाय पिशवीत पडत नाही.
बारा वर्षं झाली मला मनामात,
माझाही हा पाढा सुटलेला नाही.

"चोवीस हजार! अहो, साताऱ्यात एवढ्यात अर्धी पंगत उठते."
उठत असेल.
पण साताऱ्यात ऑगस्टची पहाट
ओल्या टॉवेलसारखी तोंडावर बसत नाही.
लग्न चातुर्मासात, मुहूर्त जावयाच्या रजेचा,
आणि गाडीपासून हॉलच्या दारापर्यंत चाळीस पावलं.
त्या चाळीस पावलांत चेहरा मानेवर उतरतो,
मानेवरून ब्लाउजच्या काठात.
तो उतरू नये याचे चाळीस.
केसांचे पंचवीस, ते जोसेलिनचे.
ती सेबूची. तीही गुणते, पण पेसोंत.
नऊवारीचे पंधरा, टाचण्या माझ्या.
कुंजुमोनच्या गाडीचे पाच. पहाटे साडेतीनला येतो,
बक्षीस मागत नाही,
फक्त नवरी तयार झाल्यावर लांबून बघू का, विचारतो.
राहिले पंचवीस.
त्यातले दहा सलूनच्या मालकिणीचे,
जिच्या सहीवर माझा व्हिसा आहे.

"आणि पोरीला जरा उजळ करा. दोन शेड तरी."
त्याचे मी पैसे घेत नाही, वहिनी.
करतही नाही.
असं म्हणायचं होतं.
म्हटलं, बघू या.

घासाघीस पंच्याण्णववर थांबली.
"आपल्याच माणसाला एवढंही नाही का करणार?"
पंधरा तुटले.
कुठले तुटले, ते हिशेब येणाऱ्याला कळेल.

शर्वाणी खुर्चीत बसली ती डोळे मिटूनच.
म्हणाली, हनुवटीवरचा व्रण झाकू नका हं,
तो शाळेच्या बसमधला आहे.
पोर इथेच वाढलेली.
तिला दिनार म्हणजे दिनार,
उन्हाळा म्हणजे उन्हाळा.
तिचाच रंग तिला लावला, नीट, दोन तास.
वहिनींनी आरशात पाहिलं, काहीतरी मोजलं,
आणि दोन शेडचं बोलल्या नाहीत.

मग सगळे खाली गेले.
मी ब्रश पुसत होते.
वहिनी दाराशीच. "माझं… नुसतं काजळ. पटकन."
बसवलं.
डोळ्यांखाली इतकं काळं की केशरी करेक्टर तीनदा लावावा लागला.
मनगटावर तेलाचे ठिपके, जुने, नवे.
"बावीस वर्षं डबे करते," त्या डोळे मिटून म्हणाल्या,
"पहाटे चारपासून. सहाशे फिल्सचा डबा,
त्यातही लोक म्हणतात, भाजीला असं लागतं तरी काय?"
मी म्हटलं, हलू नका, लायनर फिसकटेल.
दोघींपैकी कुणी हसलं नाही.
मग दोघीही हसलो, आणि फिसकटलंच.

पुसून पुन्हा काढलं.
त्यांनी आरशात एकदाच पाहिलं,
जसं कुणी दुसऱ्याच्या घरात डोकावतं, तसं.
पर्समधून चार घड्या घातलेली पाचाची नोट काढली,
माझ्या पेटीत, टाचण्यांच्या डबीखाली सरकवली.
मी नको म्हणायला तोंड उघडलं.
मिटलं.

खाली सनई स्पीकरवर सुरू झाली होती.
कुंजुमोन खांबाआडून नवरी बघत होता.
लिफ्टमध्ये मी आणि माझी पेटी.
पाच.
अकराशे.
बाबांच्या गोळ्या येतात तेवढ्यात,
एक पट्टी कमी.