कूलरची मोटर, धडा सहावा

उन्हाळी बॅच. सत्तावीस जण.
मी सक्करदऱ्याच्या खोलीत, लॅपटॉपखाली ओला टॉवेल,
ते कळमन्यात, पाचपावलीत, हिंगण्याच्या शेडमध्ये,
एक तर थेट उमरेडला.

वरून फॉर्म आला: विद्यार्थी कसा शिकतो?
पाहून, ऐकून, वाचून, करून.
एकावर खूण करा.

इर्शादनं खूण केली ऐकण्यावर.
कांद्याच्या पोत्यांपुढे बसून
तो माझा आवाज कामठीपर्यंत नेतो
आणि कळवतो,
मॅडम, खड्डे आले की तुम्ही ऐकूच येत नाही.

निहारला मी कधीच ऐकू येत नाही.
त्याच्यासाठी चित्राखाली अक्षरं उमटतात;
यंत्रानं 'वाइंडिंग तपासा'चं
'वांगी तपासा' केलं.
त्यानं वांग्याचं चित्र पाठवलं,
मागोमाग वहीतला बरोबर शब्द.

रत्नमाला धकाते, पाचपावली, वय छप्पन.
चारही चौकोन कोरे.
खाली पेन्सिलीनं:
पोरगा ड्युटीवरून आल्यावर. फोन त्याचा हाये.

व्हिडिओ पाठवला, डेटा संपला.
छापील पानं पाठवली, चष्मा मोडलेला.
शेवटी मीच फोन केला,
बाई, तुम्ही माग कसा शिकलात?

'सासऱ्याच्या मांगं उभी राहून.
त्यानं काही सांगतलं नाही बाप्पा.
धागा तुटला का आवाज बदलते.
तेवढा कान ठेवाचा.'

त्या रात्री तीन जुन्या मोटरी मांडल्या टेबलावर.
फोन जवळ धरला. बोलले फक्त इतकंच:
ही चांगली.
ही जळत आलेली.
हिचा बुश गेला.
बाकी सगळा वेळ त्याच बोलल्या.

चुकून तो ध्वनी सगळ्यांना गेला.
निहारनं लिहिलं, स्पीकर तळहातावर ठेवला,
तिसरी खरखरते.

मग आठ दिवस पाचपावलीहून काहीच नाही.
पारा शेहेचाळीसवर.
फॉर्मची तारीख गेली, दोनदा आठवण आली.

काल रात्री पावणेअकराला
चाळीस सेकंद आले. शब्द नाही.
खटका. एक अडखळ.
पुन्हा खटका,
आणि मग सरळ, एकसुरी घरघर,
ताट्यांवरून ठिबकणारं पाणी,
लांबून तिचा पोरगा झोपेत:
बंद नको करू ना व आता.

नीट ऐकायला
मी माझा पंखा बंद केला.
घामानं निथळत पुन्हा लावलं.

फॉर्म अजून उघडाच आहे.
एकावर खूण करा, म्हणतो.