खाकी पाकीट

कपडे धुऊ नोको, भोयरबाई बोलल्या,
आन् कागदात ठेव, पन्नीत नाही.
विद्यापीठाचे पेपर येतात
तसलं खाकी पाकीट, कोपरा फाटलेला.

कुठं, कोणासंगं, कायले गेली होतीस,
विचारलं नाही.
प्रयोगशाळेला कुलूप लावलं,
रजेच्या अर्जात लिहिलं: डोळे दाखवायला.

घाटंजीच्या दवाखान्यात
डॉक्टरीण दर वेळी विचारायची, हात लावू का?
मी दोनदा नाही म्हटलं.
दोन्हीदा ती थांबली.

जबाब लिहिणारी घाईत होती.
बाई म्हणाल्या, पोरीले पानी पिऊ द्या.

मग पुष्कळ दिवस गेले. काही गेलेच नाहीत.
तारखा पडतात, निकाल नाही.
बाई निवृत्त झाल्या; किल्ली आता माझ्या कमरेला.

आणि आज तू,
ॲसिडच्या बाटल्यांच्या कपाटाशी,
ओढणीचं टोक मुठीत,
प्रॅक्टिकल संपून तास झाला तरी.

बोलू नकोस.
स्टूल घे.
पाकीट आहे माझ्याकडे, कोरं,
लागेल की नाही ते तू सांगशील, आज नाहीतर उद्या;
उद्या म्हणजे फार उशीर नको, एवढंच.

मी अर्ज लिहून ठेवलाय:
डोळे दाखवायला.