रिओनीचा जमाखर्च

स्टर्जनच्या मादीला पहिली अंडी धरायला
पंधरा वर्षं लागतात.
अनुदान तीन वर्षांचं.
हे मी फ्रांकफुर्टला दोनदा लिहून कळवलं,
दोन्ही वेळा उत्तर आलं, फार सौजन्यानं,
की मुद्दा महत्त्वाचा आहे.

मी समत्रेदियात हिशेब लिहिते.
चपलांच्या दुकानावरची खोली, एक हीटर,
दाराशी उशांगीचे गमबूट. त्यांचा वाळून पडलेला चिखल
मीच झाडते, तो कुठल्या खर्चात धरत नाहीत.
पेट्रोलच्या पावत्या, विजेरीचे सेल,
नावेला लावायचं डांबर,
आणि एका रकान्यात
'समाजाची मानसिकता बदलणे : चारशे लारी'.
त्यातून शाळेतल्या पोरांना
माशाचं चित्र काढायला रंग आणून दिले.
एकाने मासा जांभळा रंगवला.
मानसिकतेचं काय झालं, ते पावतीवर येत नाही.

उशांगी आधी चोरून मासे मारायचा.
सगळ्या गावाला ठाऊक, तोही लपवत नाही.
नव्वदनंतरची ती काळोखी वर्षं,
दिवे नव्हते, पगार नव्हते,
तेव्हा एका मादीच्या पोटातल्या काळ्या दाण्यांवर
त्याच्या थोरलीचं बाळंतपण निभावलं.
"नदीचं देणं लागतो," म्हणतो,
आणि म्हणताना हसतो,
कुणाला ते भाषण वाटू नये म्हणून.

एकतीस मार्चला मुदत संपली.
मासे चढतात एप्रिलमध्ये.

शेवटच्या कॉलवर आनेग्रेट होती.
तिच्यामागे भिंतीवर कसलंतरी जंगल, छापील.
माघारीचा आराखडा पाठवा, म्हणाली,
आणि गावाने आता स्वतःच्या पायावर...
वाक्य तिथेच सोडून तिने चष्मा पुसला.
तिचीही नोकरी जूनपर्यंतच.
त्याच आठवड्यात कुठल्याशा मोठ्या शहरात
मोठी माणसं अब्जांच्या आकड्यांवर सह्या करत होती,
बातम्यांत दाखवलं, टाळ्याही ऐकू आल्या.
एवढी शून्यं एका ओळीत
मी कधी लिहिली नाहीत,
माझा रकाना पुरायचा नाही.

नऊ एप्रिलला पहाटे उशांगी जिना चढून आला,
गुडघ्यापर्यंत ओला.
पेट्रोल स्वतःचं, म्हणजे जावयाकडून उसनं.
पुलाखाली जाळं होतं.
कुणाचं, ते त्याने सांगितलं नाही.
गाठ बघून माणूस ओळखतो तो,
म्हणून मीही विचारलं नाही.
आत मादी. त्याच्याहून लांब.
पोट दोन्ही बाजूंनी तट्ट.
"जाळं कापायला वीस मिनिटं लागली," म्हणाला,
"त्या वीस मिनिटांत मी काय काय विकत घेतलं, माहितीय?
घराचं छप्पर. बायकोचे दात.
चार वर्षांचं पेट्रोल,
हिच्या बाकीच्या गोतावळ्याला राखायला.
हिशेब तर बरोबर होता ना, त्सिअला?"

बरोबर होता.
तो चहा पीत असताना मी पेन्सिलीने करून पाहिला,
काळ्या बाजारातला किलोचा भाव गुणिले पोट.
चार नाही, सहा वर्षं निघाली असती.
त्याला सांगितलं नाही. खोडलं.
कागदावर वळ राहिला.

मग?
मग काय. गेली.
शेपटीचा एक तडाखा, नावेत पाणी,
आणि तंबाखू भिजला.
तो त्याने आमच्या हीटरवर पसरून ठेवला,
दुपारपर्यंत खोलीभर वास.

पावती मागायची मला खोडच आहे.
त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली:
जाळ्याचा एक तुकडा, गाठीसकट.
तारीख नाही, शिक्का नाही.
खातं तर केव्हाच बंद झालेलं,
लेखापरीक्षकाची सही वाळलेली.
मी तो तुकडा मार्चच्या पानांत घातला.

आज तेरा तारीख.
गाठीतलं पाणी अजून पानांत उतरतंय,
आकडे फुगलेत,
वही नीट मिटत नाही.