नाकाचा पंच

कावीळ झाली त्या साली डॉक्टर म्हणाला, थेंबसुद्धा नाही.
म्हणून मला पंच केलं.
पिणाऱ्याचा काय भरोसा, तो शेवटच्या पेल्याच्या बाजूने बोलतो,
असं फुलकुंवर मडावीचं मत.
आणि तेंदूपत्त्याच्या फळीवर तीस हंगाम
ओला पुडा, सुका पुडा
नुसत्या नाकाने वेगळा काढलेला माणूस
पिपरटोल्यात दुसरा नव्हता.

चैतात बाघ नदी आटते.
ऐन मधोमध, जिथून म्हणे मध्य प्रदेश लागतो,
तिथल्या वाळूत दोन हंड्या येतात.
अलीकडून फुलकुंवरची,
पलीकडून तिच्या थोरल्या भावाची, झाडूराम उईकेची.
तिकडे घरापुरती माफ, इकडे गुन्हा,
म्हणून भट्टी तिकडे लावायची
आणि भांडायचं इकडे.

यंदा तिसरं भांडं आलं.
स्टीलचं. तोटीचं.
आणलं शेषलालने, फुलकुंवरच्या नातवाने.
ऑरेगनातल्या बिअरच्या कारखान्यात
दोन वर्षं टाक्या धुतल्या त्याने,
चार वर्षं टाक्यांत काय शिजतं ते शिकला.

वाळूत उकिडवा बसून सांगत होता,
आजी, तिथंही एका काळी सारी बिअर एकाच चवीची झाली होती,
कारखान्याची, पिवळी, थंडगार, मुकी.
घरी काढली तर गुन्हा.
मग कायदा सैल झाला आणि
लोक गॅरेजात रांधू लागले, न्हाणीत, पोरांच्या टबात,
कुणी संत्र्याची साल टाकली, कुणी कॉफी,
कुणी इतकी कडू केली की जीभ घरचा पत्ता विसरावी.
जर्मन हसले. म्हणाले, जव, पाणी, हॉप्स,
याउपर काही घालाल तर ती बिअर नव्हे, भाजी.
बेल्जियमवाले म्हणाले, आम्ही तर धणे घालतो बुवा.
आता सगळे एका मांडवात जमतात,
दिवसभर एकमेकांची उणी काढतात,
आणि रात्री एकमेकांचीच पितात.

फुलकुंवरने लाकूड पुढे सारलं.
"मंग आपल्यासारखंच हाय की गा.
इमानाचं भाडं काहून वाया घातलं?"

मी कामाला लागलो.
झाडूरामची विस्तवावर शिंपडली, निळी पेटली.
फुलकुंवरचीही निळी, जरा उंच,
पण वाराही तिच्याच बाजूचा होता, तो वजा केला.
शेषलालची पेटलीच नाही.
फस्स झाली, वाळू ओली.
पोरं हसली. तोही हसला.
म्हणाला, ही पेटायची नसते, ही बसून बोलायची असते.

कोदो, कण्या, मूठभर मोहफूल,
आणि तिकडून आणलेली कडू फुलं संपली म्हणून
आपलं जंगलातलं किराईत.
मी नाक नेलं.
आधी पिकल्या बोराचा वास,
मग शेवयांच्या सुपाचा,
मग खूप मागून, दार न वाजवता, तापातल्या काढ्याचा.

झाडूरामने घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
"हे तं मले सासूनं मलेरियात पाजलं होतं!"
आणि पेला पुन्हा पुढे केला.
फुलकुंवर काहीच बोलली नाही.
तिचं न बोलणं मी सतरा वर्षं ओळखतो,
पण हे नवीन होतं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
त्या दोन हंड्यांत मला कधीच फरक लागला नाही.
मोहाची झाडं तीच, काठावरची,
फुलं पडतात ती सीमा बघून पडत नाहीत.
एक साल इकडे, एक साल तिकडे,
मी निकाल वाटत आलो, रेशनसारखा.

दरवर्षी निघताना ती भावाची बाटली नेते,
तो तिची नेतो,
कुठं चुकते ते पाहाले, म्हणतात दोघं.
यंदा दोघांनी आपापल्या बाटल्या वाळूतच टाकल्या
आणि स्टीलच्या भांड्याच्या तळाशी उरलेल्या
गढूळ पेलाभरासाठी
साठीतली बहीण-भावंडं असे झोंबले
की शेषलालला मध्ये पडावं लागलं.

निकालाचा कागद माझ्या खिशात आहे.
कोराच.
बोरासारखा वास येतो त्याला,
आणि बायको विचारते,
खरं सांगा, प्यायले तं नाही?