पाणसळ

वाशीच्या प्रदर्शन केंद्रात गेल्या आठवड्यात
मॉड्युलर किचन होती.
फरशीवर अजून त्यांच्या चिकटपट्ट्यांच्या खुणा आहेत.
त्या खुणांवर मी बारा टेबलं उभी केली.
प्रत्येकाला पाटीचे पाच दगड, सांध्यात मेण,
मेणावरून पटाशी,
मग पाणसळ ठेवायची आणि श्वास धरायचा.
बुडबुडा मधोमध आला की सोडायचा.

खाडी इथून हाकेवर.
रात्री हवा ओलावते, कापड फुगतं,
फुगल्या कापडावर चेंडू गुडघे दुखत असल्यासारखा चालतो.
म्हणून टेबलाच्या पोटात हीटर आणि वरून इस्त्री.
इस्त्री एकाच दिशेने, पिवळ्या-हिरव्याकडून काळ्याकडे,
मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.
उलटी फिरवलीत तर लव मोडते, आणि ती लक्षात ठेवते.

पंच पांढरे हातमोजे घालून येतात.
खेळाडू वेस्टकोटात.
माझ्याकडे कुणी बघत नाही.
बघितलंच, तर समजायचं काहीतरी चुकलंय.

टेबल क्रमांक चार. कल्पेश भोपी, करावे गाव.
समोर बेल्जियमचा पोरगा, दाढीही धड न आलेला.
तीन-तीन फ्रेम.
जिंकला तर कल्पेश पहिल्या चौसष्टांत,
म्हणजे अजून दोन वर्षं व्यावसायिक.
हरला तर फक्त भोप्यांचा पोरगा.

ह्याला मी ओळखतो.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग झाली,
बापाच्या वाट्याला तळमजल्याचा गाळा आला.
बाप म्हणाला, किराणा नको, टेबल टाकू.
कुठल्याशा जिमखान्याने काढलेलं टेबल
टेम्पोतून मीच आणलं.
फरशीला उतार होता, उजवीकडे, गटाराच्या बाजूला.
पाणसळ ठेवली, बुडबुडा डावीकडे पळाला.
म्हटलं, पायाखाली फळी घालावी लागेल, उद्या येतो.
बाप म्हणाला, पोरंसोरंच खेळणार, चालतंय की.
मी पैसे मोजून घेतले.

तो उद्या राहिलाच.

नऊ वर्षांचा कल्पेश मासळीच्या क्रेटवर उभा राहून
प्रत्येक चेंडू बोटभर डावीकडे मारायचा,
आणि चेंडू वळून बरोबर आत पडायचा.
गाव म्हणायचं, पोराच्या हातात काहीतरी आहे.
मी पण म्हणायचो.

सत्तावन्न-एकसष्ट. टेबलावर फक्त काळा.
पांढरा मागोमाग खड्ड्यात जाऊ नये
म्हणून त्याला हळू मारावं लागलं.
हळू चेंडूला सगळं ऐकू येतं.
काळा निघाला, सरळ निघाला,
शेवटच्या हातभर अंतरात मला वाटलं, सरकतोय,
की मला तसं वाटायचंच होतं,
आणि खड्ड्याच्या डाव्या जबड्यावर टेकून
तिथेच थांबला.

कल्पेशने काठीकडे बघितलं नाही.
टेबलाकडे बघितलं.
बोटाने खडूचा एक कण उचलला,
वेस्टकोटाला पुसला,
आणि खुर्चीत जाऊन पाणी प्यायला.
बेल्जियमच्या पोराला मग फारसं काही करायचं नव्हतं.

जाताना माझ्यापाशी थांबला.
हरेश्वरदादा, टेबल एक नंबर होतं.
एवढंच. चेष्टा नव्हती, मी चेहरा बघितला.

रात्री दिवे अर्धे झाल्यावर
मी काळा घेऊन चार नंबरवर गेलो.
त्याच रेषेवरून, त्याच वेगाने, हाताने सोडला.
सरळ गेला.
पुन्हा सोडला. सरळ.
तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता आवाज ऐकला,
खड्ड्याच्या जाळीत पडल्याचा.

टेबलात काही नव्हतं.
माझं काम चोख होतं, ह्या वेळी.

करावेच्या त्या गाळ्यात आता रक्त तपासतात.
टेबल भंगारात गेलं, पाय कुणीतरी बाकाला लावले.
फळी घालायला आता जागा कुठे आहे?

सकाळी दहाला चार नंबरवर पुढचा सामना.
इस्त्री तापायला ठेवलीय.
वाशीच्या रस्त्यावरून कांद्याचे ट्रक चाललेत,
आणि प्रत्येक ट्रकसरशी
पाणसळीतला बुडबुडा
किंचित
हलतो.