चुकलेली रेघ

आसिपेईने हे वल्हं कोरलं
त्या वर्षी सुरिनाम नदी इतकी आटली
की खडकांच्या पाठी उघड्या पडल्या,
आणि शहराकडून मीठ-साबण घेऊन येणारी डोंगी
तीन आठवडे सांतीवाताच्या खाली अडकून राहिली.

त्याला हिंवताप होता, दिवसाआडचा.
बरं असेल त्या दिवशी आंब्याखाली बसायचा
माझ्याकडे पाठ करून.
बायकोसाठी कोरताना बायकोने बघू नये
असं काही नाही आम्हा सामाकांत.
त्यालाच लाज वाटायची.

कर्कटकाने कमान आखली,
पटाशी टेकवली,
आणि अंगात हुडहुडी भरली.
रेघ सुटली.
कमान सोडून भलतीकडेच गेली,
पिऊन आलेल्या दिरासारखी
थेट दुसऱ्याच्या अंगणात.

नवं लाकूड तोडायचं त्राण नव्हतं.
दोन दिवस वल्हं वळचणीला उभं,
पालीने त्यावर ऊन खाल्लं.
तिसऱ्या दिवशी त्याने तश्शीच रेघ
दुसऱ्या अंगालाही चुकवली.
मुद्दाम. कर्कटकाने मोजून.
मग वर एक, खाली एक,
एकीच्या पोटातून दुसरी काढली,
गाठ जिथे बसेल तिथे पितळी खिळा.
चुकीला असं पदरात घेतलं
की तिला घरची करून टाकली.

गेल्या महिन्यात इंजिनाच्या होडीतून दोघं आली.
याचा अर्थ काय, म्हणाली.
माझा भाचा बोयो पोटाला जागला:
हा साप, हे जन्माचं चक्र,
या दोघांच्या मिठ्या.
दर अर्थामागे किंमत वाढत गेली.
बाई सगळं वहीत उतरवत होती.
मी कसावा किसत होते,
हसू आलं ते किसणीवर घासून टाकलं.

मग पुरुषाने मूठ पाहिली.
तिथली नक्षी झिजून सपाट झालीय,
एकोणतीस वर्षांचा माझा अंगठा.
इथे खराब आहे, म्हणाला,
थोडं कमी करा.

मी वल्हं उचललं त्याच्या हातातून.
भांडण नव्हतं काही.
मळा पलीकडच्या काठाला,
ऊन चढायच्या आत जायला हवं होतं.

आसिपेईला नेलं तेव्हा मीच मागे बसले होते,
याच वल्ह्याने.
तेव्हापासून मधल्या धारेत,
दोन काळ्या खडकांपाशी,
हात एकदा डावीकडे चुकतो.
मग मी उजवीकडेही तेवढाच चुकवते.

काठावरून बोयो ओरडतो,
मावशी, नीट! नीट धर!