छाट

माग चालू होते तोवर
कुणाचाच खोकला ऐकू यायचा नाही.
चैत्रात माग थांबले,
टॉवेल अर्धवट, चादरीतला मोर मानेपर्यंत विणलेला,
आणि पूर्वभागाला पहिल्यांदाच कळलं
आपण रात्रभर किती खोकतो ते.

माझं काम सोपं होतं.
ताप असेल, घसा धरला असेल, वास जात असेल
तर खुर्चीत बसवायचं, मान मागे,
काडी नाकातून थेट कानाच्या रेषेपर्यंत,
मनात दहा आकडे.
मनपाची शाळा, चौथी ब.
फळ्यावर अजून मार्चमधलीच तारीख,
पट अडतीस, हजर एकतीस.
पारा बेचाळीसवर,
आणि किटच्या आत मी
खळीतून काढलेल्या सुतासारखा निथळत.

बालमणी कुडक्याल, वय त्रेसष्ट, विडी कामगार.
खोकला कधीपासून?
ती हसली असावी, पदराआडून कळलं नाही.
"मोठ्या बहिणीचं सूप मांडीवर आलं, तवापासून वो.
नऊ वर्षांची असेन."
फॉर्मवर फक्त दिवसांची चौकट,
त्यातही दोनच आकड्यांची.
तंबाखूची धूळ, चोपन्न वर्षं,
दोन आकड्यांत बसवायची कशी?
"ताप कधी आला?"
"परवा."
मी लिहिलं, ०२.

काडी आत गेली तेव्हा तिनं
माझं मनगट धरलं नाही, सगळे धरतात.
डोळ्यांतून पाणी येऊ दिलं
आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
मला त्यातलं फक्त 'अम्मा' समजलं.

नळीवर चिकटपट्टी राहीना.
घामानं नाव सुटत होतं, नंबर सुटत होता.
ती बघत होती.
पिशवीतून तिनं दोऱ्याची रिळ काढली,
आणि मी नको म्हणेपर्यंत
दोन वेढे, एक गाठ,
दोरा नखानं तोडून मोकळी.
दिवसाला हजार वेळा बांधणारी बोटं,
त्यांना एक जास्त झाली इतकंच.
मी नळी स्पिरिटनं पुसली, बर्फाच्या डब्यात ठेवली.

जाताना दारात थांबली.
"छाट तर नाही ना करणार?"
कारखान्यात चेकर
सैल विडी बाजूला फेकतो,
तिचं पान गेलं, तंबाखू गेली, मजुरीही गेली.
नाही करणार, मी म्हणालो.
माझ्या हातात काय होतं.

तिसऱ्या दिवशी सिव्हिलमधून फोन.
"तुमच्या डब्यातल्या चार नळ्यांवरची नावं
बर्फाच्या पाण्यात सुटलीत. बाद.
चौघांना परत बोलवा.
आणि हो, ती एक दोऱ्याची,
ती कुणी बांधली?"

चौघांच्या घरी गेलो.
तिघं आली.
चौथ्याच्या दाराला बाहेरून कडी,
ओट्यावर कांडी भरायचं चाक,
त्यावर अर्धी भरलेली निळी कांडी.
शेजारी कुणी काही सांगितलं नाही.
मीही फार विचारलं नाही, हे खरं.

बालमणीचा रिपोर्ट निगेटिव्ह.
द्यायला गेलो तर उंबऱ्यात बसलेली,
रिकामं सूप मांडीवर, सवयीनं.
काही नाही तुम्हाला, मी म्हणालो.
तिनं कागद उलटा धरून नीट पाहिला.
"मग हा कुणाचा?"
तिनं विचारलं,
आणि बराच वेळ खोकत राहिली.